युरोपचा निधी, विद्यापीठ आणि महापालिका: सहयोगी संशोधन प्रकल्प कसा उभा करावा

युरोपातल्या विद्यापीठात पोस्टडॉक किंवा सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या मराठी संशोधकाला वर्षभरात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "पुढच्या कॉलला प्रस्ताव टाकतोय, एक वर्क पॅकेज तू सांभाळशील का?" इकडे पुण्या-नागपुरातल्या प्राध्यापकांना किंवा एखाद्या संस्थेच्या संचालकांना ईमेल येतो: "आमच्या कन्सॉर्टियममध्ये भारतातून तुम्ही हवे आहात, शुक्रवारपर्यंत कळवा." कॉल म्हणजे प्रस्ताव मागवणारी जाहीर घोषणा, कन्सॉर्टियम म्हणजे भागीदार संस्थांचा गट आणि वर्क पॅकेज म्हणजे प्रकल्पातल्या कामाचा एक ठरलेला भाग. होकार दिला की नेमकं काय काय अंगावर येतं, पैसे कुठून येतात, कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, हे मराठीत सलग वाचायला मिळत नाही. म्हणून हा लेख. विद्यापीठाबरोबर महापालिका, पाणीपुरवठा मंडळ, सरकारी रुग्णालय किंवा जिल्हा प्रशासन यांपैकी कोणी भागीदार असेल, अशा प्रकल्पांवरच इथे भर आहे.

माझं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे सगळे सल्ले त्यातूनच निघतात. सार्वजनिक भागीदार प्रस्तावाच्या पहिल्या कच्च्या पानापासून सोबत हवा. त्याचा स्वतःचा प्रश्न, स्वतःचा माणूस आणि स्वतःचं बजेट प्रस्तावात असायलाच हवं. शेवटच्या आठवड्यात पाठिंब्याचं पत्र मागून जोडलेली महापालिका मूल्यमापनातून कदाचित निभावून जाते. पण तिच्या जागेवर उभारलेला प्रयोग प्रकल्प संपल्यानंतर टिकत नाही.

निधीचा आराखडा

युरोपीय संघाच्या संशोधन निधीचा सध्याचा कार्यक्रम म्हणजे होरायझन युरोप. काळ 2021 ते 2027, निधी सुमारे 95 अब्ज युरो. त्याआधी होरायझन 2020 होता आणि या मालिकेतला पहिला फ्रेमवर्क कार्यक्रम 1984 मध्ये सुरू झाला. 2028 ते 2034 साठीच्या पुढच्या कार्यक्रमाचा मसुदा युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये मांडला, त्यात 175 अब्ज युरोंचा प्रस्ताव आहे. म्हणजे आज शिकलेली पद्धत पुढेही उपयोगी पडेल.

होरायझन युरोपचे तीन स्तंभ आहेत. पहिला मूलभूत संशोधनाचा: युरोपीय संशोधन परिषद आणि मारी क्युरी फेलोशिपा यातच येतात. तिसरा नवउद्योगांचा. आपल्या विषयाचं घर दुसऱ्या स्तंभात आहे. आरोग्य, संस्कृती व समाज, नागरी सुरक्षा, डिजिटल व उद्योग, हवामान-ऊर्जा-वाहतूक आणि अन्न-शेती-पर्यावरण असे सहा क्लस्टर, म्हणजे विषयगट, त्यात आहेत. शिवाय पाच 'मिशन' आहेत: हवामान बदलाशी जुळवून घेणं, कर्करोग, समुद्र व जलस्रोत, माती आणि 2030 पर्यंत 100 हवामान-तटस्थ शहरं. शहरांच्या मिशनमध्ये महापालिकाच केंद्रस्थानी आहेत. एप्रिल 2022 मध्ये युरोपीय संघातली 100 आणि बाहेरची 12 शहरं त्यासाठी निवडली गेली.

सहयोगी प्रकल्पाची किमान अट अशी: युरोपीय संघाच्या सदस्य किंवा संलग्न, म्हणजे कराराने कार्यक्रमाशी जोडलेल्या, अशा तीन वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकींपासून स्वतंत्र अशा तीन संस्था, आणि त्यातली निदान एक सदस्य देशातली. संलग्न देशांत नॉर्वे, आइसलंड, इस्रायल, तुर्किये जुनेच. ब्रिटन जानेवारी 2024 पासून आत आलं आहे, त्यामुळे लीड्स किंवा बर्मिंगहॅममधल्या मराठी संशोधकालाही निधीसह भागीदार होता येतं. स्वित्झर्लंड 2025 पासून. कॅनडा, न्यूझीलंड आणि दक्षिण कोरिया फक्त दुसऱ्या स्तंभापुरते.

प्रकल्पाचे प्रकार मुख्यतः तीन. संशोधन व नवोपक्रम कृती म्हणजे आरआयए: सर्वांना पात्र, म्हणजे निधीतून भरून मिळू शकणाऱ्या, खर्चाच्या 100 टक्के. नवोपक्रम कृती म्हणजे आयए: कंपन्यांना 70 टक्क्यांपर्यंत, पण विद्यापीठ आणि महापालिका यांसारख्या ना-नफा संस्थांना 100 टक्के. समन्वय व साहाय्य कृती म्हणजे सीएसए: इथे नवं संशोधन नसतं, जाळं बांधणं आणि ज्ञान पसरवणं असतं. सार्वजनिक भागीदारांना आयए सर्वांत जवळची, कारण तिथे प्रयोगशाळेतली गोष्ट प्रत्यक्ष रस्त्यावर, नाल्यावर, वॉर्डात उतरवायची असते.

भारतातल्या संस्थांचं स्थान

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. भारतीय संस्था होरायझन युरोपमध्ये भाग घेऊ शकते, पण तिला आपोआप पैसे मिळत नाहीत. 2014 पासून भारत, चीन, ब्राझील हे देश आपोआप निधी मिळणाऱ्यांच्या यादीत नाहीत. निधी मिळतो तो फक्त त्या टॉपिकच्या, म्हणजे कॉलमधल्या विषयाच्या, मजकुरात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर, किंवा तुमच्याशिवाय प्रकल्प होऊच शकत नाही हे मूल्यमापकांना पटलं तर. एरवी 'असोसिएटेड पार्टनर' म्हणून, आपला खर्च आपण उचलून सहभागी व्हायचं. भारताने संलग्न देश व्हावं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलणी सुरू झाली आहेत. ती पूर्ण होईपर्यंत मात्र हाच नियम धरून चाला.

चांगला मार्ग आहे तो संयुक्त निधीचा. 2018 मध्ये युरोपीय आयोग आणि भारत सरकारचे विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून पाण्यावर कॉल काढला, त्यातून सात प्रकल्प उभे राहिले. युरोपीय भागीदारांना ब्रुसेल्सचे पैसे, भारतीय भागीदारांना दिल्लीचे. त्यातल्या पवित्र गंगा प्रकल्पात बेल्जियमची व्हिटो आणि भारतातून टेरी, आयआयटी कानपूर या संस्था होत्या. दिल्लीतला बारापुल्ला नाला आणि कानपूरचं जाजमऊ या त्यांच्या प्रयोगाच्या जागा होत्या.

महाराष्ट्राला याहून जवळचं उदाहरण नावाटेक. 2012 ते 2015 या काळातल्या या प्रकल्पाला युरोपच्या सातव्या फ्रेमवर्क कार्यक्रमाचा आणि भारताच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा निधी होता. युरोपच्या बाजूने जर्मनीतली टीटीझेड ब्रेमरहाफन, भारताच्या बाजूने नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था. शहरातलं सांडपाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांमधून, म्हणजे कन्स्ट्रक्टेड वेटलँडमधून, शुद्ध करून जागच्या जागी वापरायचं, हा विषय. पुण्यात सीओईपीच्या वसतिगृहाचा परिसर, नागपुरात दयानंद पार्क अशा जागा निवडल्या गेल्या. आपल्याकडच्या कोणाला युरोपीय भागीदाराशी बोलायचं असेल, तर या प्रकल्पाचा अभ्यास आधी करावा. कॉर्डिस या युरोपच्या खुल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक प्रकल्पाचे भागीदार, रकमा आणि अहवाल मोफत पाहता येतात.

एकट्याने जाऊ इच्छिणाऱ्या तरुण संशोधकासाठी ही सगळी अडचण नाही. मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप किंवा डॉक्टरल नेटवर्कमधल्या जागेला भारतीय नागरिक थेट अर्ज करू शकतात आणि पगार युरोपातल्या यजमान संस्थेकडून मिळतो. तिथे रुजलेली ओळखच पुढे सहयोगी प्रकल्पाला उपयोगी पडते.

पहिलं काम: प्रश्न कोणाचा ते ठरवा

कॉल उघडण्याच्या सहा ते नऊ महिने आधी महापालिकेत जा. सोबत स्लाइडा नेऊ नका, वही न्या. विचारा: गेल्या तीन पावसाळ्यांत कुठे पाणी तुंबलं? कोणत्या कामाला दरवर्षी निधी लागतो आणि दरवर्षी तक्रारीही तितक्याच येतात? कोणता डेटा तुमच्याकडे आहे पण वापरला जात नाही? पुढच्या तीन वर्षांत कोणतं बांधकाम ठरलेलं आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. महापालिकेच्या स्वतःच्या मंजूर कामाला संशोधन जोडता आलं, तर जागा, परवानगी आणि देखभाल हे तिन्ही प्रश्न अर्धे सुटतात.

युनालॅब या प्रकल्पाची रचना यासाठी बघण्यासारखी आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचं नेतृत्व फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेकडे होतं. आइंडहोवन, जेनोवा आणि टॅम्पेरे ही तीन शहरं आघाडीवर, आणि त्यांच्याकडून शिकणारी स्टाव्हांगर, प्राग, कास्तेयोन, कान, बाशाकशेहिर ही शहरं मागून येणारी. जेनोवात लागाच्चो या दाट वस्तीतली गावोल्यो ही जुनी लष्करी बराक शहराला नागरिकांसाठी खुली करायचीच होती. पावसाचं पाणी मुरवणारी हिरवळ आणि तिचं मोजमाप हे संशोधन त्या कामात बसवलं गेलं. शहराच्या गरजेवर विज्ञान बसलं की असं होतं. आघाडीची शहरं आणि मागून येणारी शहरं ही मांडणी तुमच्या प्रस्तावातही घेता येईल. छोट्या नगरपालिकेला पहिल्याच वेळी मोठा प्रयोग झेपत नाही, पण शिकणारी म्हणून ती कमी खर्चात आत येते आणि पुढच्या प्रकल्पात आघाडीवर येऊ शकते.

या भेटींमध्ये दोन माणसं शोधा: एक निर्णय घेणारा आणि एक रोज काम करणारा. आयुक्त किंवा महापौर बदलतात, खातेप्रमुखाची बदली होते. ड्रेनेज विभागातला पंधरा वर्षं त्याच टेबलावर असलेला अभियंता टिकतो. प्रकल्प त्याच्याभोवती बांधा आणि त्याचं नाव प्रस्तावात घाला. अधिकाऱ्यांशी बोलताना प्राध्यापकांनी संशोधनाची भाषा थोडी बाजूला ठेवावी. "अभिनव सामाजिक-पर्यावरणीय चौकट" हे शब्द ऐकून कोणी जागा देत नाही. "या चौकातलं पाणी अर्ध्या तासात उतरेल का, हे दोन पावसाळे मोजून सांगतो," यावर बोलणं सुरू होतं.

कॉलचा मजकूर वाचायची पद्धत

कॉल 'फंडिंग अँड टेंडर्स पोर्टल'वर असतात. प्रत्येक टॉपिकचे दोन भाग नीट वाचा: अपेक्षित परिणाम आणि व्याप्ती. अपेक्षित परिणामांतलं प्रत्येक वाक्य कागदावर उतरवा आणि समोर लिहा, हे आपल्या प्रकल्पात कोण, कुठे, कसं साधणार. एखाद्या वाक्यासमोर जागा रिकामी राहिली तर त्यासाठी भागीदार शोधा. दोन-तीन वाक्यांसमोर रिकामी राहिली तर तो टॉपिक सोडा. चांगली कल्पना चुकीच्या टॉपिकमध्ये कोंबण्यात महिने वाया जातात.

तंत्रज्ञान कोणत्या पायरीवर सुरू होऊन कुठे पोचलं पाहिजे, हे टीआरएलच्या, म्हणजे तंत्रज्ञानाच्या तयारीच्या पातळीच्या, 1 ते 9 या आकड्यांत दिलेलं असतं. टप्पे किती, हेही पाहा. दोन टप्प्यांच्या कॉलमध्ये पहिल्या वेळी फक्त 10 पानांचा प्रस्ताव मागतात.

शंका आली की तुमच्या देशाच्या एनसीपीला, म्हणजे राष्ट्रीय संपर्क अधिकाऱ्याला विचारा. हे अधिकारी मोफत मदत करतात, मसुदा वाचतात, भागीदारही सुचवतात. नव्या माणसांना हे दार माहीतच नसतं.

कन्सॉर्टियम जुळवणं

दहा-बारा भागीदार, चार वर्षं, चाळीस-पन्नास लाख युरो, असा मध्यम प्रकल्प डोळ्यासमोर ठेवा. समन्वयक संस्थेकडे अनुभवी प्रोजेक्ट ऑफिस हवंच. पहिल्याच प्रकल्पात समन्वयक होण्याचा मोह टाळा आणि आधी एक वर्क पॅकेज नीट चालवा.

प्रत्येक शहरामागे त्याच शहरातलं किंवा जवळचं विद्यापीठ ठेवा. बर्लिनहून येणारा संशोधक टॅम्पेरेच्या अभियंत्याला दर आठवड्याला भेटू शकत नाही. नागरिकांच्या सहभागासाठी स्थानिक संस्था हवी, आणि समाजशास्त्रज्ञ खरा हवा, नावापुरता नको. मूल्यमापक ते लगेच ओळखतात.

नोंदणीची कामं लवकर सुरू करा. प्रत्येक संस्थेला नऊ अंकी पिक क्रमांक, म्हणजे पोर्टलवरचा ओळख क्रमांक, लागतो. संस्थेची कायदेशीर प्रतिनिधी म्हणून एका व्यक्तीची नेमणूक करावी लागते, आणि महापालिकेत त्या एका सहीला आठवडे जातात. सदस्य आणि संलग्न देशांतली विद्यापीठं, संशोधन संस्था आणि सार्वजनिक संस्था यांच्याकडे लिंगसमानता आराखडाही असावा लागतो. तो वरिष्ठ नेतृत्वाच्या सहीचा आणि संकेतस्थळावर जाहीर केलेला हवा. त्याच्यासाठी माणूस व निधी, आकडेवारी आणि प्रशिक्षण याही अटी आहेत. विद्यापीठांकडे तो असतो. लहान नगरपालिकांकडे अनेकदा नसतो, आणि करारावर सही करताना तो नसला तर भागीदार गळतो. भारतीय संस्थांना ही अट नाही.

प्रस्ताव लिहिताना

प्रस्तावाचा भाग अ म्हणजे पोर्टलवरचे फॉर्म, भाग ब म्हणजे मुख्य मजकूर. भाग ब ला पानांची मर्यादा असते आणि मर्यादेपलीकडची पानं मूल्यमापकांना दिसतच नाहीत. निकष तीन: उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणीचा दर्जा. प्रत्येकाला 5 गुण, प्रत्येकात किमान 3 आणि एकूण 15 पैकी 10 हवेत. पण 10 हा फक्त उंबरठा आहे, निधी मिळवणारे प्रस्ताव बहुधा 13-14 च्या आसपास किंवा पुढे असतात. आयए प्रकल्पांची क्रमवारी लावताना परिणामाच्या गुणांना दीडपट वजन असतं, म्हणून महापालिका असलेल्या प्रस्तावात या विभागावर सर्वांत जास्त वेळ घाला.

परिणाम लिहिताना तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. प्रकल्पातून हाती काय येतं, ते कोण वापरेल आणि त्याने पाच-दहा वर्षांत समाजात काय बदलेल. "पूर कमी होतील" असं मोघम लिहू नका. कोणत्या पाणलोटात, किती घरांना, आजच्या कोणत्या मोजमापाच्या तुलनेत, हे लिहा. ही आधाररेषा महापालिकेच्याच नोंदींतून येते. तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचं आणखी एक कारण हेच. आणि महापालिका पुढे काय करणार हे तिच्याच शब्दांत घ्या: विकास आराखड्यात घेणार, निविदेच्या अटींत घालणार की देखभालीच्या बजेटमध्ये तरतूद करणार. यातलं एक खरं वाक्य पाठिंब्याच्या दहा पत्रांपेक्षा मोलाचं.

वर्क पॅकेज सहा-सात पुरेत. प्रत्येक शहरासाठी वेगळं वर्क पॅकेज काढलं की शहरं आपापल्या कोपऱ्यात काम करतात. त्यापेक्षा आखणी, उभारणी, मोजमाप, प्रसार असे टप्पे करा आणि सगळी शहरं प्रत्येक टप्प्यात ठेवा. उभारणीच्या वर्क पॅकेजचं नेतृत्व एखाद्या शहराकडे द्या, प्राध्यापकाकडे नको. डिलिव्हरेबल, म्हणजे आयोगाला द्यायचे ठरलेले अहवाल आणि कागद, मोजके ठेवा, कारण लिहिलेला प्रत्येक कागद नंतर खरोखर लिहावा लागतो. जोखमींच्या तक्त्यात निवडणूक, अधिकाऱ्याची बदली, निविदेला प्रतिसाद न मिळणं आणि जागेचा वाद या जोखमी नावानिशी घाला. मूल्यमापक त्या शोधतातच.

बजेट: इथे घाई नको

मूळ सूत्र सोपं आहे. मनुष्यबळ, खरेदी आणि प्रवास असा थेट खर्च मोजायचा, त्यावर सरसकट 25 टक्के अप्रत्यक्ष खर्च मिळतो. सबकॉन्ट्रॅक्टवर मात्र हे 25 टक्के मिळत नाहीत. समजा महापालिकेचा एक अभियंता 48 महिने अर्धवेळ काम करणार, म्हणजे 24 पर्सन-मंथ (एका माणसाचे पूर्णवेळ कामाचे महिने). महिन्याचा खर्च 6,000 युरो धरला तर 1,44,000. खरेदी 1,00,000 आणि प्रवास 12,000 मिळून थेट खर्च 2,56,000. त्यावर 25 टक्के म्हणजे 64,000, एकूण 3,20,000. बांधकामाचं 80,000 चं सबकॉन्ट्रॅक्ट वेगळं. महापालिकेची मागणी झाली 4,00,000 युरो. प्रत्येक भागीदारासाठी हा हिशेब असा कागदावर मांडून त्यांच्या लेखा विभागासमोर बसा.

कायम नोकरीतल्या कर्मचाऱ्याचा पगारही पात्र खर्च आहे, हे अनेक महापालिकांना माहीत नसतं. त्यामुळे त्या नवा कंत्राटी माणूस मागतात आणि तो माणूस प्रकल्प संपताच ज्ञान घेऊन निघून जातो. कायम कर्मचाऱ्याचा वेळ प्रकल्पाला द्यायला सांगा. खर्च दिवसांवर मोजतात: वार्षिक पगारखर्च भागिले 215 हा एका दिवसाचा दर.

सार्वजनिक भागीदारांना अडकवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली व्हॅट. सार्वजनिक संस्था सरकारी अधिकार वापरून जे काम करते, त्यावर भरलेला व्हॅट पात्र धरला जात नाही. बांधकामाच्या मोठ्या बिलावर ही रक्कम हजारो युरोंची होते, आणि ती कोण भरणार हे आधी ठरलेलं नसेल तर काम मध्येच थांबतं. दुसरी घसारा. उपकरणाची पूर्ण किंमत बहुतेक कॉलमध्ये मिळत नाही, फक्त प्रकल्पकाळातला घसारा मिळतो. 50,000 युरोंचं, पाच वर्षं आयुष्याचं यंत्र प्रकल्पासाठी दोन वर्षं वापरलं तर 20,000 मिळतील. काही टॉपिकमध्ये पूर्ण किमतीची मुभा दिलेली असते, ते वाक्य मजकुरात शोधा.

हल्ली अनेक टॉपिक लम्प सम पद्धतीचे असतात. रक्कम आधीच ठरते, टाइमशीट आयोगाकडे पाठवावी लागत नाही, पण वर्क पॅकेज पूर्ण झालं नाही तर त्याचा वाटा मिळत नाही. अशा वेळी बांधकामाचं एकच मोठं वर्क पॅकेज करू नका. आखणी, परवानगी आणि उभारणी असे तुकडे पाडा, म्हणजे एका शहराच्या निविदेच्या उशिरामुळे सगळ्यांचे पैसे अडकत नाहीत.

सादर करणं आणि वाट पाहणं

मुदत नेहमी ब्रुसेल्सच्या वेळेनुसार संध्याकाळी 5. भारतात उन्हाळी वेळेत रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. पोर्टलवर आदल्या आठवड्यातच एक आवृत्ती चढवा. नवी आवृत्ती चढवली की जुनी आपोआप मागे पडते. निकाल साधारण पाच महिन्यांत आणि करार आठ महिन्यांच्या आत, हे आयोगाचं लक्ष्य. प्रस्ताव निदान तीन तज्ज्ञ वाचतात. नकार आला तरी मूल्यमापनाचा सविस्तर अहवाल मिळतो. तो महापालिकेलाही दाखवा, लपवू नका. पुढच्या कॉलला तीच जोडी अधिक जोमाने येते.

करारमदार

दोन करार असतात. ग्रँट अ‍ॅग्रीमेंट युरोपीय आयोगाशी किंवा त्याच्या एजन्सीशी. कन्सॉर्टियम अ‍ॅग्रीमेंट भागीदारांचा आपापसातला, त्यासाठी बहुतेक जण डेस्का हा तयार नमुना घेतात. पार्श्वज्ञान, म्हणजे प्रकल्पाआधीपासूनचं ज्ञान, कोणाचं, निष्कर्ष कोणाचे, मतदान कसं, कोणी मध्येच सोडलं तर काय, हे त्यात येतं. निष्कर्ष ज्याने निर्माण केले त्याच्या मालकीचे, हा मूळ नियम. शहराच्या जागेवर शहराच्या डेटामधून विद्यापीठाने बनवलेलं मॉडेल कोणाचं, हा प्रश्न म्हणून आधीच लिहून ठेवा. महापालिकेला ते कायम विनामूल्य वापरता येईल, असं कलम घाला.

आगाऊ हप्ता समन्वयकाकडे येतो आणि पुढे वाटला जातो. कमाल अनुदानाचे 5 ते 8 टक्के सामायिक विमा यंत्रणेसाठी राखून ठेवतात. अंतिम हिशेबाआधी साधारण 90 टक्क्यांपर्यंतच पैसे हाती येतात. महापालिकेत हा पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा होणार आणि खर्चाची परवानगी कोणाची, याचा ठराव सही होण्याआधीच सभागृहात मंजूर करून घ्या.

भारतीय भागीदाराची वेगळी कागदपत्रं

असोसिएटेड पार्टनर असाल तर ग्रँट अ‍ॅग्रीमेंटवर तुमची सही नसते, पण कन्सॉर्टियम अ‍ॅग्रीमेंटवर जरूर घ्या. नाहीतर निष्कर्षांवर तुमचा हक्क कुठेच नोंदलेला राहत नाही. परदेशी निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी आधी तपासावी. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच स्वीकारावा लागतो आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने पैसे घेऊन गावातल्या छोट्या संस्थेला द्यायचे, हा जुना रस्ता बंद आहे. प्रत्येकाचा वाटा सुरुवातीलाच वेगळा मांडा. आरोग्य संशोधनात परदेशी सहकार्य असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. जैविक नमुने बाहेर पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा 2002 पाहावा. या मंजुऱ्यांना वेळ लागतो, तो गँट चार्टमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या वेळापत्रकाच्या तक्त्यात, खरा दाखवा.

प्रकल्प चालू असताना

पहिली बैठक विद्यापीठात घेऊ नका, शहराच्या सभागृहात घ्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना प्रयोगाच्या जागी न्या. सहाव्या महिन्यापर्यंत डेटा व्यवस्थापन आराखडा द्यावा लागतो. नागरिकांची माहिती गोळा करणार असाल तर जीडीपीआर हा युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, त्यामुळे संमतीपत्र स्थानिक भाषेत करा. शोधनिबंध प्रसिद्ध होताच सर्वांना मोफत वाचायला मिळाले पाहिजेत, ही अट आहे.

सर्वांत जास्त वेळ निविदेत जातो. सार्वजनिक खरेदीचे नियम युरोपातही कडक आहेत. मसुदा, प्रसिद्धी, आक्षेप, पुन्हा प्रसिद्धी यांत एक वर्ष सहज जातं. पावसाळ्यातलं किंवा हिवाळ्यातलं मोजमाप प्रकल्पाचा गाभा असेल, तर एक ऋतू हुकणं म्हणजे एक वर्ष हुकणं. म्हणून निविदेचं काम पहिल्याच महिन्यात सुरू करा. विद्यापीठातल्या तज्ज्ञाने तांत्रिक अटी लिहायला मदत करावी, पण निवड समितीत महापालिकेचीच माणसं असावीत.

अहवालाचा कालावधी बहुधा 18 महिन्यांचा असतो आणि तो संपल्यावर 60 दिवसांत अहवाल जातो. प्रत्यक्ष खर्चाच्या प्रकल्पात कर्मचाऱ्यांनी कामाचे दिवस दर महिन्याला नोंदवून वरिष्ठांची सही घ्यावी. वर्षाअखेरीस आठवून भरलेली नोंद लेखापरीक्षणात टिकत नाही. एखाद्या भागीदाराचं अनुदान 4,30,000 युरो किंवा जास्त असेल तर लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. कागदपत्रं शेवटच्या हप्त्यानंतर पाच वर्षं जपावी लागतात. महापालिकेत ती कोणत्या कपाटात आणि कोणाच्या ताब्यात, याची लेखी नोंद करा.

शेवटचं वर्ष

प्रकल्प संपायच्या बारा महिने आधी हस्तांतरणाची बैठक लावा. पाणवनस्पतींचा वाफा असो, सेन्सर असो की रुग्णालयातली संगणकप्रणाली, चार गोष्टी लेखी ठरवा. देखभाल कोणता विभाग करणार? वर्षाला किती खर्च येणार आणि तो पुढच्या बजेटच्या कोणत्या शीर्षात बसणार? बिघडलं तर सुटे भाग कुठून येणार? डेटा कोण पाहणार? बजेटची तरतूद पुढच्या आर्थिक वर्षासाठी हवी असेल तर मागणी महिनोन्‌महिने आधी जावी लागते, म्हणून हे वर्षभर आधी.

माळी, पंपचालक, परिचारिका, म्हणजे ज्यांच्या हाताखालून ही गोष्ट रोज जाणार, त्यांचं प्रशिक्षण त्यांच्याच भाषेत आणि जागेवरच घ्या. त्यासाठी दोन पानांची सचित्र सूचनापुस्तिका हे प्रकल्पाचं अधिकृत डिलिव्हरेबल करा, म्हणजे ती नक्की तयार होते. अंतिम अहवाल जाण्याआधी विद्यापीठाने एक साधं पत्र महापालिकेला द्यावं: पुढची दोन वर्षं, वर्षातून दोनदा आमचे विद्यार्थी येऊन मोजमाप करतील. एका अभ्यासक्रमाला ते जोडलं की त्याला वेगळा निधी लागत नाही, आणि पुढच्या प्रस्तावासाठीची आधाररेषा तिथेच तयार होत राहते.